उचंत खात्यातला कार्बन

दक्षिण गोव्यात, काणकोण तालुक्यात, काबो द राम नावाचं समुद्रात घुसलेलं एक टोक आहे. वर जुना किल्ला, खाली कडा. वनवासात राम-सीता इथं राहून गेले असं तिथले लोक सांगतात. १९९३ ते २००२ या काळात या टोकावर आणखी एक काम चालायचं. किल्ला बघून, सूर्यास्ताचे फोटो काढून परतणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याचा पत्ता असेल. काचेच्या बाटलीत हवा भरायची, बाटली घट्ट बंद करायची आणि ती थेट ऑस्ट्रेलियाला, सीएसआयआरओ या संस्थेच्या प्रयोगशाळेत पाठवायची. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी या कामात भागीदार होती. बाटलीतल्या हवेत दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे रेणू किती, मिथेनचे किती, आणि त्या कार्बनमध्ये जड समस्थानिकाचा वाटा किती, हे तिथं मोजलं जायचं.

पावसाळ्यात या टोकावर पोचणारी हवा विषुववृत्ताच्या पलीकडून, अख्खा अरबी समुद्र ओलांडून आलेली असते. हिवाळ्यात वारा उलटतो आणि देशावरची हवा येते, चुलींची, कारखान्यांची, रब्बीच्या शेतांची. एकच जागा काही महिने समुद्राची साक्ष देते आणि काही महिने जमिनीची. त्या काळी भारतात इतकी वर्षं सलग नोंद ठेवणारं ठिकाण जवळपास हेच होतं.

आता प्रश्न असा, की या मूठभर बाटल्यांवरून एका खंडप्राय देशातली झाडं वर्षाला किती कार्बन ओढतात आणि माती किती सोडते, हे सांगता येईल का? शेजारच्या घरात आज काय शिजलं, हे खिडकीतून येणाऱ्या वासावरून ओळखण्यासारखं हे आहे. मासळी की वरण एवढं नाक सांगेल. किती माणसं जेवली हे सांगायचं तर वारा कुठून होता ते बघावं लागेल, त्या घराची रीत माहीत असावी लागेल, आणि बरीच वर्षं शेजारी काढलेली असावी लागतील. रीत माहीत असणं म्हणजे पदार्थविज्ञान. शेजाराची वर्षं म्हणजे, आजच्या भाषेत, मशीन लर्निंग. कार्बनचक्राचं मॉडेल करणारा संशोधक या दोघांना एका टेबलाशी बसवू पाहतो. त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही, आणि हे पुस्तक मुख्यतः त्या भांडणाचं आहे.

माझे वडील एका पतपेढीत हिशेबनीस होते. कीर्द, खतावणी, तेरीज हे शब्द आमच्या घरात कांदे-बटाट्यांइतके रोजचे होते. मार्चअखेरीला तेरीज जुळली नाही, तर रात्र रात्र ते फरक शोधत. नाहीच सापडला तर तो 'उचंत खात्यात' टाकत. उचंत खातं म्हणजे ज्या रकमेला अजून घर मिळालेलं नाही तिची धर्मशाळा. चांगल्या हिशेबनिसाला ते खातं उघडं ठेवायची लाज वाटते. वाईट हिशेबनीस ते दुसऱ्या एखाद्या खात्यात गुपचूप मिसळून टाकतो. तेव्हा ताळेबंद देखणा दिसतो आणि चूक कायमची पुरली जाते. कार्बनच्या जागतिक हिशेबाबद्दल वाचायला लागलो तेव्हा हे खातं मला तिथंही भेटलं, आणि मग मला हा विषय सोडवेना.

हिशेब असा आहे. २०१३ ते २०२२ या दशकात माणसानं कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून वर्षाला सरासरी ९.६ अब्ज टन कार्बन हवेत सोडला. जंगलतोड आणि जमिनीच्या बदललेल्या वापरातून आणखी १.३ अब्ज टन. ही झाली जमेची बाजू. यातले ५.२ अब्ज टन हवेत राहिले, २.८ समुद्रानं घेतले, ३.३ जमिनीवरच्या झाडामातीनं. बेरीज करून पाहा: जमा १०.९, खर्च ११.३. फरक ०.४ अब्ज टनांचा. 'ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट'च्या वार्षिक ताळेबंदात हा फरक उघडपणे, वेगळ्या ओळीत दाखवलेला असतो. ही पद्धत तशी अलीकडची, २०१७ च्या ताळेबंदापासूनची. त्याआधी जमिनीचा आकडा वजाबाकीनं काढत: बाकी सगळं मांडा, जे उरेल ते जमिनीच्या नावावर. म्हणजे जमीन हेच उचंत खातं होतं, आणि इतर प्रत्येक आकड्यातली चूक तिच्या पदरात पडत होती.

या आकड्यांपेक्षा त्यांच्यापुढची अनिश्चितता मला जास्त बोलकी वाटते. हवेतल्या वाढीचा आकडा ०.०२ अब्ज टन इकडे-तिकडे होईल. समुद्राचा ०.४. जमिनीचा ०.८, म्हणजे हवेच्या चाळीस पट. हवेचा आकडा इतका पक्का का? कारण हवा ढवळली जाते. चार्ल्स डेव्हिड कीलिंगनं मार्च १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर मोजायला सुरुवात केली, तेव्हा दहा लाखांत ३१३ भाग कार्बन डायऑक्साइड होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या घरात आहे. जगात कुठंही मोजा, वर्षभराची वाढ जवळपास तीच येते. कीलिंगच्या आलेखातली दर वर्षीची चढउताराची नागमोड सगळ्यांनी पाहिलेली असते. उत्तर गोलार्धातली रानं उन्हाळ्यात पानांनी भरतात तेव्हा रेघ उतरते, पानं झडून कुजतात तेव्हा चढते. पण कुठलं रान, किती, हे त्या रेघेत लिहिलेलं नाही. ढवळलेल्या पातेल्यातून एक चमचा चाखून मीठ किती ते कळतं, ते कुठल्या कोपऱ्यात पडलं ते कळत नाही.

कोपरा शोधायचा पहिला मार्ग समीकरणांचा. पानाच्या आत एक विकर कार्बन डायऑक्साइडचा रेणू पकडतं. प्रकाश, तापमान आणि हवेतलं त्या वायूचं प्रमाण यांनुसार त्याचा वेग किती असेल, हे ग्रॅहम फार्कहर आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये समीकरणात बसवलं. आजही जगातली बहुतेक मोठी मॉडेलं पानाशी आली की हेच समीकरण किंवा त्याचं भावंड वापरतात. इतकं देखणं काम क्वचित होतं. पण पान म्हणजे झाड नाही आणि झाड म्हणजे रान नाही. मुळं किती खोल जातात, दुष्काळात झाड कधी हार मानतं, मातीतले सूक्ष्मजीव कुजलेल्या पानातला किती कार्बन अंगी लावतात आणि किती फुंकून टाकतात, यांची समीकरणं ढोबळ आहेत. त्यांतले कितीतरी स्थिरांक प्रत्येक गटानं आपापल्या अंदाजानं बसवलेले आहेत.

त्याचा परिणाम २००६ मध्ये सगळ्यांसमोर आला. अकरा मॉडेलांना एकच प्रश्न विचारला गेला: हवामान तापल्यामुळे जमीन आणि समुद्र यांची कार्बन घेण्याची ताकद घटली, तर २१०० साली हवेत त्यापायी किती कार्बन डायऑक्साइड जास्त असेल? एक मॉडेल म्हणालं दहा लाखांत २० भाग, दुसरं म्हणालं २००. बाकीची मधे. पदार्थविज्ञान सगळ्यांचं सारखंच. फरक होता तो पदार्थविज्ञान संपून अंदाज सुरू होतो तिथला. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मॉडेल करणाऱ्यांची कीव आली होती. आता वाटतं, इतका लाजिरवाणा आकडा स्वतःहून छापणारी माणसं विश्वासाची असतात.

दुसरा मार्ग शिकण्याचा. रानाच्या माथ्यावर मनोरा उभारायचा. त्यावरची यंत्रं सेकंदाला दहा-वीस वेळा वाऱ्याचा वर-खालचा वेग आणि त्याच क्षणी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. वर जाणारे भोवरे जास्त कार्बन नेतात की खाली येणारे जास्त आणतात, यावरून अर्ध्या-अर्ध्या तासाला रानाचा श्वास कळतो. असे शेकडो मनोरे जगात आहेत, बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेत. जर्मनीत येना इथल्या माक्स प्लांक संस्थेतले मार्कुस राइखश्टाइन, मार्टिन युंग आणि त्यांचे सहकारी यांनी मनोऱ्यांच्या नोंदी आणि उपग्रहांनी पाहिलेली हिरवाई, ऊन, तापमान यांची जोड घालून यंत्राला शिकवलं, आणि जिथं मनोरा नाही तिथलं उत्तर त्याच्याकडून काढून घेतलं. जगातली झाडं वर्षाला सुमारे १२० अब्ज टन कार्बन प्रकाशसंश्लेषणातून घेतात, हा पाठ्यपुस्तकी आकडा या पद्धतीनं पक्का झाला असं वाटलं होतं. मग २०२४ मध्ये कार्बोनिल सल्फाइड या दुसऱ्याच वायूचा माग काढणाऱ्या एका अभ्यासातून १५७ हा आकडा आला. या दोहोंतला फरक माणसाच्या सगळ्या वार्षिक उत्सर्जनाच्या तिपटीहून जास्त आहे! खातं मोठं, शिल्लक छोटी, असा हा हिशेब. शिल्लक बरी जुळते, पण आत किती फिरलं याबद्दल वाद आहे.

मनोऱ्याची आणखी एक अडचण आहे. तो फक्त शिल्लक मोजतो. दिवसा झाड कार्बन घेतं आणि त्याच वेळी झाड, माती, जंतू सगळे श्वास सोडतात. मनोऱ्याला दिसते ती वजाबाकी. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद, तेव्हा नुसतं श्वसन दिसतं, म्हणून रात्रीच्या श्वसनावरून दिवसाचं काढायची रीत आहे. तापमान वाढलं की श्वसन एका ठराविक पटीत वाढतं, हा नियम त्यासाठी वापरतात. इथं राइखश्टाइन यांच्या गटानं जी तोड काढली, ती या पुस्तकाच्या विषयाचं सगळ्यात सोपं उदाहरण आहे. तापमानाचा नियम समीकरण म्हणून तसाच ठेवायचा. त्या समीकरणातला मूळ दर, जो ओल, ऋतू, पालापाचोळा अशा असंख्य गोष्टींवर ठरतो आणि ज्याचं धड समीकरण कुणाकडेच नाही, तो न्यूरल नेटवर्ककडून शिकून घ्यायचा.

ऐकायला सोपं आहे. पण यात एक फसवा सांधा आहे. तापमानाची माहिती नेटवर्कलाही दिली, तर समीकरणानं करायचं काम ते स्वतःच करून टाकतं. उत्तर बरोबर येतं, मात्र समीकरणातला स्थिरांक वाटेल तो निघतो. दोन नोकरांना एकच काम सांगितलं की झाडलेलं अंगण दिसतं, झाडलं कुणी ते कळत नाही. म्हणून यंत्राला काय द्यायचं याच्याइतकंच काय द्यायचं नाही हे ठरवावं लागतं. संशोधकाचं खरं कसब मला या दुसऱ्या निर्णयात दिसतं, आणि त्याचा सगळ्यात स्वच्छ नमुना समुद्रावर काम करणाऱ्यांनी घालून दिला आहे.

न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठच्या कड्यावर, कोलंबिया विद्यापीठाची लामाँट-डोहर्टी वेधशाळा आहे. तारो ताकाहाशी १९५७ मध्ये तिथं आले आणि लामाँटच्या 'व्हीमा' या जहाजावरून समुद्राच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड मोजू लागले. पुढची साठ वर्षं ते तेच करत राहिले. समुद्र आणि हवा यांच्यात दर वर्षी सुमारे ८० अब्ज टन कार्बनची देवघेव होते. ती कुठल्या दिशेनं झुकते हे पाण्यातला आणि हवेतला या वायूचा दाब ताडून कळतं. पाण्यातला दाब कमी असेल तर समुद्र घेतो, जास्त असेल तर सोडतो. ताकाहाशींनी जगभरच्या जहाजांच्या नोंदी गोळा केल्या, एकाच वर्षाच्या मापाला आणल्या आणि महिन्यामहिन्याचे नकाशे काढले. त्यांनी आणखी एक साधा प्रयोग केला. उत्तर अटलांटिकचं पाणी घेतलं, ते वेगवेगळ्या तापमानांना आणलं आणि दर वेळी दाब मोजला. पाणी एका अंशानं तापलं की दाब ४.२३ टक्क्यांनी वाढतो, असं उत्तर निघालं. उघडं ठेवलेलं सोड्याचं पाणी उन्हात लवकर मरतं, तीच ही गोष्ट, पण आकड्यासकट. १९९३ मध्ये छापलेला हा आकडा समुद्रशास्त्रज्ञांच्या तोंडात इतका बसला आहे, की आपल्याकडे पावकीचा पाढा म्हणावा तसा तो म्हटला जातो.

जहाजांच्या नोंदी आज कोट्यवधी आहेत. पण सगळा महासागर एक अंश बाय एक अंशाच्या चौकटींत कापला आणि एकेका महिन्याची एकेक चौकट धरली, तर शंभरातल्या दोनही धड भरत नाहीत. बाकीच्या अठ्ठ्याण्णव भरायच्या कशा? पीटर लांडशुत्सर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये न्यूरल नेटवर्कची दोन पायऱ्यांची रीत आणली. आधी सारख्या स्वभावाच्या पाण्याचे प्रदेश यंत्रानंच पाडायचे, मग प्रत्येक प्रदेशात तापमान, क्षारता, हरितद्रव्य यांवरून दाब ओळखायला शिकायचं. नकाशे सुंदर आले. त्यांतून एक मोठी बातमीही निघाली. २००७ मध्ये कोरीन ल केरे आणि सहकाऱ्यांनी म्हटलं होतं, की अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिणी महासागर कार्बन घेण्यात मंदावतो आहे. २०१५ मध्ये या नव्या नकाशांनी सांगितलं, की नाही, २००२ च्या सुमारापासून तो पुन्हा जोमानं घेऊ लागला आहे. मरगळ आणि उभारी, दोन्ही थक्क करणाऱ्या आकाराच्या.

लामाँटमध्येच काम करणाऱ्या गेलन मॅकिन्ली यांनी यावर जे केलं, त्यासाठी मला हे पुस्तक लिहावंसं वाटलं. ताळेबंद तपासायचा तर ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा ताळेबंद हवा. खऱ्या समुद्राचं उत्तर कुणालाच माहीत नाही. पण संगणकातल्या समुद्राचं माहीत असतं. ल्यूक ग्लोएगे, मॅकिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार पृथ्वी-मॉडेलांतून प्रत्येकी पंचवीस, असे शंभर खोटे महासागर घेतले. प्रत्येकात कार्बनचा दाब प्रत्येक चौकटीत, प्रत्येक महिन्याला माहीत होता. मग त्यांतले नेमके तेवढेच आकडे उघडे ठेवले, जेवढे खऱ्या जगात जहाजांनी मोजले होते, त्याच जागी, त्याच महिन्यात. बाकी सगळं झाकलं. आणि यंत्राला सांगितलं, भर आता.

यंत्रानं भरलं, आणि सरासरी चांगलीच भरली. पण दक्षिणी महासागरात दशकादशकांची चढउतार त्यानं सुमारे एक तृतीयांशानं फुगवली. तिथं हिवाळ्यात जहाजं जवळपास जातच नाहीत. उन्हाळ्यातल्या थोड्या नोंदींवरून यंत्र अख्ख्या वर्षाबद्दल ठाम बोललं. म्हणजे ती थक्क करणारी मरगळ आणि उभारी खोटी नव्हती, पण तिच्यात जहाजं कुठं गेली नाहीत याचाही वाटा होता. २०२० मध्ये मॅकिन्ली यांनी आणखी एक साधी गोष्ट दाखवली होती: १९९० च्या दशकातल्या चढउताराचा बराच भाग १९९१ चा पिनातुबो ज्वालामुखीचा स्फोट आणि हवेतल्या कार्बनच्या वाढीचा बदलता वेग या दोनच कारणांनी समजतो. त्यासाठी समुद्राला गूढ स्वभाव चिकटवायची गरज पडत नाही.

दुसऱ्याची चूक दाखवून थांबणं सोपं होतं. त्या गटानं दोन वाटा पुढं काढल्या, आणि दोन्हींत समीकरण आणि यंत्र यांची कामं निराळ्या तऱ्हेनं वाटली आहेत.

पहिलीत ताकाहाशींचा ४.२३ टक्क्यांचा आकडा परत येतो. व्हॅल बेनिंग्टन, मॅकिन्ली आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये विचारलं, की जे आपल्याला पक्कं माहीत आहे ते यंत्राला पुन्हा शिकायला का लावायचं? उष्ण कटिबंधाच्या कडेच्या समुद्रात पाणी तापलं की दाब वाढतो. उत्तर अटलांटिकच्या वरच्या भागात पाणी तापतं त्याच मोसमात सूक्ष्म वनस्पती फोफावतात, कार्बन खातात, आणि दाब घटतो. यंत्राला तापमान आणि दाब यांचं नातं एका ठिकाणी सरळ दिसतं, दुसऱ्या ठिकाणी उलटं. थोड्या नोंदींत ते गोंधळतं. म्हणून आधी तापमानाचा थेट परिणाम समीकरणानं वजा करून टाकायचा आणि उरलेला भाग तेवढा यंत्रापुढं ठेवायचा. त्या उरलेल्या भागात वनस्पती, खालून वर येणारं पाणी, प्रवाह हे सगळं असतं. शेवटी तापमानाचा भाग परत मिळवायचा. यंत्रही साधं घेतलं: एक्सजीबूस्ट, ज्यात शेकडो छोटे निर्णयवृक्ष एकापाठोपाठ एक उभे राहतात आणि प्रत्येक नवा वृक्ष आधीच्यांच्या चुका दुरुस्त करतो.

दुसरी वाट याच्या उलट बाजूनं जाते. समुद्राची मॉडेलं आधी चालवायची, त्यांचे प्रवाह, त्यांचं रसायन, त्यांच्या चुका सगळ्यांसकट. जिथं जहाजाची नोंद आहे तिथं मॉडेल किती चुकलं ते काढायचं. यंत्राला शिकवायची ती फक्त ही चूक: कुठल्या पाण्यात, कुठल्या ऋतूत हे मॉडेल कसं चुकतं. मग नोंद नसलेल्या जागीही मॉडेलचा आकडा त्या चुकीनं दुरुस्त करायचा. पहिल्या वाटेत समीकरण आधी आपला हिस्सा उचलतं, दुसरीत यंत्र मागून येऊन हिशेब तपासतं. दुसरीचा एक अनपेक्षित फायदा झाला. १९८० च्या आधी उपग्रहांच्या नोंदी फारशा नाहीत, त्यामुळे शिकणाऱ्या यंत्रांची गोष्ट तिथंच सुरू होते. पण मॉडेलं त्याआधीची वर्षंही चालवतात. त्यांच्या चुकांचा कल कळला की १९५९ पर्यंत मागं जाता येतं, म्हणजे कीलिंगच्या पहिल्या पूर्ण वर्षापर्यंत.

मातीबद्दल पुढं एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथं एवढंच, की फेंग ताओ आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये जगभरच्या ५७,२६७ मृदाछेदांच्या नोंदी, मातीचं एक मॉडेल आणि खोल न्यूरल नेटवर्क यांची अशीच सांगड घातली. निष्कर्ष असा आला, की जमिनीत कार्बन किती साठेल हे ठरवण्यात सूक्ष्मजीव खाल्लेल्यातलं किती अंगी लावतात या एका गुणाचा वाटा इतर तपासलेल्या कारणांच्या किमान चौपट आहे. वर ज्या स्थिरांकांना मी 'अंदाजानं बसवलेले' म्हटलं, त्यांतलाच हा एक.

आता परत आपल्या बाजूला. उपग्रह आल्यावर मनोरे आणि बाटल्या लागणार नाहीत असं काहींना वाटलं होतं. २०१४ मध्ये सोडलेला नासाचा 'ओसीओ-२' हा उपग्रह जमिनीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशातून खालच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतो. त्याला ऊन लागतं आणि निरभ्र आकाश लागतं. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर काय असतं हे वाचकांना सांगायला नको. वर्षभरात आपली रानं आणि शेतं ज्या महिन्यांत सगळ्यात जास्त काम करतात, त्याच महिन्यांत उपग्रहाला पांढऱ्या ढगांपलीकडे काही दिसत नाही. समुद्राचंही तेच. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत खालचं थंड, कार्बननं भरलेलं पाणी वर ओढतात, आणि अरबी समुद्र हवेत कार्बन सोडतो. हे आपल्याला कळलं ते १९९० च्या दशकात 'सागर कन्या' हे जहाज उसळत्या समुद्रात गेलं म्हणून, आणि दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या माणसांनी डेकवर उभं राहून पाण्याचे नमुने काढले म्हणून. त्यानंतर या समुद्रातल्या नोंदी उत्तर अटलांटिकच्या मानानं फारच विरळ राहिल्या. जमिनीवर परिस्थिती थोडी बरी आहे. लडाखमधलं हानले, पुदुच्चेरी, पोर्ट ब्लेअर इथं हवा गोळा झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं काझीरंगासारख्या ठिकाणी मनोरा उभा केला. आणि नोव्हेंबर २००९ पासून याच संस्थेनं सिंहगडावर हवेचे नमुने घ्यायला सुरुवात केली. त्या गडावर मी कितीदा गेलो, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन उतरलो. आपण हवा खायला जातो म्हणायचो. शेजारी कुणी ती बाटलीत भरत असेल हे ध्यानीमनीही नव्हतं.

शिकलेल्या यंत्राचा एक गुण आहे, जो मला अजूनही अस्वस्थ करतो. ते कधी गप्प बसत नाही. उत्तर अटलांटिकच्या, दर महिन्याला जहाज जाणाऱ्या चौकटीत ते जितक्या सहज आकडा लिहितं, तितक्याच सहज रत्नागिरीसमोरच्या जुलैतल्या चौकटीतही लिहितं. रंग तोच, दशांशापुढचे आकडे तेवढेच. शंभर खोट्या महासागरांची परीक्षा ज्यांनी घेतली त्यांना हे माहीत आहे, म्हणून चांगल्या नकाशाबरोबर ते अनिश्चिततेचा दुसरा नकाशाही देतात. तो बहुतेक वेळा लेखाच्या शेवटी, पुरवणीत असतो, आणि वर्तमानपत्रापर्यंत कधी पोचत नाही.

हस्तलिखित वाचणाऱ्या एका मित्रानं विचारलं, सुरुवातीलाच पाण्याच्या कार्बनदाबाचा रंगीत जागतिक नकाशा का दिला नाहीस, वाचक खूश झाला असता. तो नकाशा आहे, पण चौथ्या प्रकरणात. पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीला जो आहे, त्यात फक्त ठिपके आहेत, प्रत्यक्ष मोजलेल्या जागांचे. अटलांटिकात ते दाट आहेत, जहाजांच्या ठरलेल्या वाटांवर ओळीनं मांडलेले. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या समुद्रात ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतील की नाही, हे वाचकांनी स्वतःच बोट ठेवून पाहावं, आणि मग पान उलटावं.